पोर्ट लुईतील एक दिवस

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस मॉरिशस नावाचे एक लहानसे बेट आहे. माझा पुतण्या नोकरीनिमित्त तेथे राहत होता, तेव्हा मी काही दिवस त्याच्याकडे गेलो होतो. शाळेला सुट्टी होती. त्याची बारा वर्षांची मुलगी मला म्हणाली, "आजोबा, आज आपण पोर्ट लुई पाहू. पण घाई मुळीच करायची नाही हं!"

प्रथम आम्ही मोठ्या बाजारात शिरलो. लहान, गोड अननसांचे ढीग, लाल मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या आणि कडेला तव्यावर भाजल्या जाणाऱ्या डाळपुऱ्या! क्षणभर मला आपण कोकणातच आहोत असा भास झाला. व्हॅनिलाच्या शेंगा विकणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी आमचे बोलणे ऐकले आणि अडखळत विचारले, "तुम्ही मराठी? माझे पणजोबाही तिकडचेच."

त्यांनी पाकिटातून एक जीर्ण कागद काढला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जुन्या मजुरांच्या नोंदवह्या जतन केल्या आहेत. त्यांतील नोंदीची ती नक्कल होती. तीत पणजोबांचा क्रमांक होता, मुंबई बंदराचे नाव होते, आणि गावाच्या जागी कारकुनाने कानाला ऐकू आले तसे 'पल्ली' असे लिहिले होते. "हे गाव कोठे आहे?" त्यांनी विचारले. मला उत्तर देता येईना. ते पाली असावे; परंतु पाली एक रत्नागिरीजवळ आहे, एक रायगड जिल्ह्यात आहे. इतकी वर्षे शिक्षकी केली, पण त्या प्रश्नापुढे मी निरुत्तर झालो. नातीने मात्र क्रमांक, गाव व त्या गृहस्थांचा पत्ता आपल्या वहीत उतरवून घेतला.

तेथून आम्ही बंदरावरील 'ब्लू पेनी' संग्रहालयात गेलो. 1847 साली या बेटावर जोसेफ बर्नार्ड या कारागिराने कोरलेली दोन तिकिटे निघाली, एक पेनीचे नारिंगी आणि दोन पेनींचे निळे. प्रत्येकी 500 छापलेल्या त्या तिकिटांपैकी आज जगात थोडीच उरली आहेत. (निळे तिकीट दोन पेनींचे, तरी संग्रहालयाचे नाव 'ब्लू पेनी'! कारकुनांप्रमाणेच नावे ठेवणारेही चुकतात म्हणायचे.) उजेडाने रंग फिका पडतो, म्हणून मूळ तिकिटांवर ठरावीक वेळी केवळ काही मिनिटे दिवा लावतात. आम्ही वाट पाहत उभे राहिलो. दिवा लागला, आणि नखाएवढे ते कागद उजळून निघाले. नात श्वास रोखून पाहत होती. दिवा मालवला तेव्हा ती हळूच म्हणाली, "आजोबा, एका पेनीच्या कागदाला केवढे जपतात!"

निसर्गेतिहास संग्रहालयात डोडो पक्ष्याचा सांगाडा होता. हा कबुतराच्या कुळातील, उडता न येणारा पक्षी याच बेटावर राहत असे. 1598 मध्ये डच खलाशी येथे उतरले. त्यांच्यामागून डुकरे, माकडे व उंदीर आले, अंडी फस्त झाली, आणि शंभर वर्षांच्या आत डोडो नामशेष झाला. पुढे थिरिऊ नावाच्या एका नाभिकाने छंद म्हणून हाडे शोधून काढली, म्हणून एकाच पक्ष्याचा हा सांगाडा आपल्याला पाहावयास मिळतो.

दुपारी आप्रवासी घाटावर पोहोचलो. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी 1834 पासून येथे हिंदुस्थानातून मजूर आणू लागले. पुढील सुमारे 85 वर्षांत जवळजवळ साडेचार लाख माणसे आली. बिहारकडची सर्वांत अधिक. आपल्या कोकणातलीही काही. धक्क्यावर दगडाच्या 16 पायऱ्या आहेत. गलबतातून उतरलेला माणूस त्या चढून वर येई आणि नोंदवहीत एक क्रमांक होई. 2006 साली युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारसा म्हणून घोषित केले.

मी त्या पायऱ्यांकडे पाहत असता नात वही उघडून बसली होती. तिचे आईकडचे आजोबा रत्नागिरीस राहतात. परतताना तिने बंदराजवळच्या टपालकचेरीत एक साधे तिकीट विकत घेतले, त्यांना लिहिलेल्या पत्रावर ते नीट चिकटवले, आणि पेटीत टाकण्यापूर्वी मला वाचून दाखवले: "पालीच्या पाटलांकडे, देवळात, जुन्या माणसांकडे विचारा. एका माणसाला आपले गाव हवे आहे."

बाजार बंद होण्याची वेळ झाली होती. तरी आम्ही वाट वाकडी करून त्या गृहस्थांना पत्र पाठविल्याचे सांगून आलो.