घर विकल्यानंतरचं माहेरपण

आई गेली, दोन वर्षांनी बाबाही गेले आणि जबलपूरच्या राइट टाउनमधलं आमचं घर विकायचं ठरलं. दादा नागपूरला, धाकटी इंदूरला, मी पुण्यात. बंद घराला कुलूप लावून त्याची राखण कोण करणार? व्यवहार झाला, सह्या झाल्या. एक काका म्हणाले, ‘‘चला, तुमचं जबलपूर संपलं.’’ पण ते संपलं नाही. आम्ही भावंडं अजूनही थंडीत जबलपूरला जातो आणि सिव्हिल लाइन्सकडच्या एका जुन्या बंगल्यात उतरतो. भोवती मोठी बाग, मोजक्या खोल्या, राहायची सोय आणि सकाळचा नाश्ता. बाकी दिवसभर आपलं आपण. माझ्या वयाच्या कितीतरी मैत्रिणींचं माहेरचं घर असंच हातातून गेलं आहे. त्या विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

१. घर गेलं म्हणून गावावर पाणी सोडू नका.

जबलपूरशी आपलं मराठी माणसांचं नातं एका वास्तूपुरतं कधीच नव्हतं. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाली आणि जबलपूर त्याच प्रांतात असल्यामुळे नोकऱ्या, बदल्या, सोयरिकी या दोन गावांत सतत चालू राहिल्या. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. रेल्वे होती, कचेऱ्या होत्या, शाळा होत्या. माझे आजोबा असेच बदलीवर आले आणि राहिले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेलं, जबलपूर दुसऱ्या. उच्च न्यायालय जबलपूरला आलं, पण अनेक मराठी घरांचे अर्धे नातेवाईक सीमेपलीकडे गेले. इतक्या पिढ्यांचा हा राबता एका खरेदीखताने पुसला जात नाही. गोलबाजारात भाजी घेताना शेजारची बाई आपल्या सुनेला मराठीत काही सांगत असते, आणि मी तिथेच थांबून तिच्याशी गप्पा मारते.

२. नातेवाइकांकडे भेटायला जा, मुक्कामाला नको.

हे ऐकून चुलतभाऊ पहिल्यांदा रागावला होता. ‘‘आमचं घर असताना तू पैसे देऊन राहणार? लोक काय म्हणतील?’’ मी त्याला सांगितलं, की तुझ्याकडे दोन दिवस राहिले की तिसऱ्या घरी जायचं राहून जातं, आणि मला सगळ्यांना भेटायचं आहे. त्याच्या दोन खोल्यांत त्याची मुलं बारावीचा अभ्यास करत होती, वहिनीची सकाळची शाळा होती. आता तो संध्याकाळी स्वतःच बंगल्यावर येतो, बागेत बसतो आणि रात्री उशिरापर्यंत उठत नाही. राग केव्हाच गेला आहे. तरी पहिल्या वर्षी हे आधी फोन करून, नीट समजावून सांगा. गावात पोचल्यावर दुसऱ्याकडून कळलं, तर माणसं दुखावतात आणि त्यांचं दुखावणं रास्त असतं.

३. मालक त्याच आवारात राहतो का, हे सगळ्यांत आधी विचारा.

केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची घरगुती निवासाची योजना आहे. तिच्यात एक ते सहा खोल्यांना मान्यता मिळते आणि मालकाच्या कुटुंबाने तिथेच राहावं अशी अट असते. ही अट मला फार मोलाची वाटते. मालक दुसऱ्या शहरात आणि किल्ली रखवालदाराकडे, अशा जागी खोली स्वच्छ मिळेल. पण ‘आज नर्मदेवर ग्वारीघाटाला गर्दी आहे, उद्या जा’ हे सांगायला कोणी नसतं. आमच्या बंगल्याच्या मालकीणबाई सत्तरीच्या आहेत. पहिल्या दिवशी मी सामान लावून लगेच बाहेर पडायला निघाले, तर म्हणाल्या, ‘‘मायके आई हो बिटिया, पहले बैठो तो सही.’’ आणि चहा पुढे केला.

आणखी विचारायच्या गोष्टी: गरम पाण्याची सोय (जानेवारीत रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो), म्हाताऱ्या माणसांसाठी तळमजल्याची खोली, आणि बाहेरची माणसं भेटायला आलेली चालतात का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. माहेरपणात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि काही ठिकाणी ती खपवून घेत नाहीत.

४. एक अख्खा दिवस बागेला द्या.

जबलपूरच्या जुन्या बंगल्यांच्या बागा हिवाळ्यात बघाव्यात. डेलियाची ताटाएवढी फुलं, कुंड्यांतली शेवंती, फाटकावर मधुमालती, कोपऱ्यात पारिजातक आणि बकुळ. सकाळी गवतावर इतकं दव असतं, की चपला भिजतात. साडेनऊच्या सुमाराला ऊन पायऱ्यांवर येतं आणि मग खुर्च्या त्या उन्हामागे सरकत सरकत दुपारपर्यंत आंब्याखाली पोचतात. नाश्त्याला पोहे, कधी मंगोडे. मुगाच्या डाळीची ही भजी जबलपूरकराला कुठल्याही गावात आठवतात.

मटारचा हंगाम असतो. आजूबाजूच्या गावांतून गाड्या भरभरून मटार शहरात येतो. आम्ही बाजारातून पाच किलोची पिशवी आणतो आणि सगळे मिळून सोलायला बसतो. दादाही बसतो. शेंग अंगठ्याने दाबली की ‘टच्च’ आवाज होऊन उघडते, कोवळे दाणे पातेल्यात पडण्याआधी निम्मे तोंडात जातात. मालकीणबाई त्यांच्या स्वयंपाकघरात उसळ करू देतात.

याच बागेत मला एक गोष्ट कळली आणि ती मी सगळ्या मैत्रिणींना सांगते. आमच्या जुन्या घरालाही बाग होती. पेरू होता, लिंबू होतं, आई संध्याकाळी पाणी घालायची. आम्ही मुली माहेरी आलो की मुलाबाळांसह त्या बागेत पडून असायचो आणि आई आत असायची. सकाळचा नाश्ता आवरेतो जेवणाची वेळ, जेवणं झाली की दुपारचा चहा, मग रात्रीच्या पोळ्या. आमच्याबरोबर उन्हात खुर्ची टाकून ती बसलेली मला एकदाही आठवत नाही. पुढे दादाचं लग्न होऊन वहिनी आली आणि सुट्टीत तीही आईच्या जोडीला आत गेली. आमच्या माहेरपणाचा सगळा भार या दोन बायकांनी उचलला. आता खोल्यांचे पैसे आम्ही तिघं समान वाटून देतो आणि वहिनी बागेत, उन्हात, पाय पसरून पुस्तक वाचत असते. एवढ्या वर्षांनी मला तिच्याशी नीट बोलायला मिळालं. ती विनोदी बोलते, तिला झाडांची नावं पाठ आहेत, तरुणपणी तिला वनस्पतिशास्त्रात पुढे शिकायचं होतं. हे मला घर असताना ठाऊक नव्हतं.

म्हणून मी ठामपणे म्हणते: घर असलं, तरीही दोन-तीन वर्षांतून एकदा सगळ्यांनी अशा जागी जमा. आई आहे तोवर तिला घेऊन जा.

५. मे महिना टाळा.

शाळांना सुट्टी तेव्हाच असते हे खरं. पण बेचाळीस अंशांत बाग कसली आणि फिरणं कसलं! लहानपणी आम्ही वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून दुपारी काढल्या. पुण्यात वाढलेल्या नातवंडांना ते झेपत नाही.

६. जमलं तर रथसप्तमी तिथे साजरी करा.

माघ शुद्ध सप्तमी म्हणजे आपली रथसप्तमी, आणि तीच नर्मदा जयंती. सकाळी बागेत सूर्याला अर्घ्य देऊन दूध उतू घालायचं आणि संध्याकाळी ग्वारीघाटावर जायचं. त्या दिवशी घाटावर माणसांचा पूर येतो, पाण्यावर दिव्यांच्या रांगा लागतात. ‘नर्मदे हर’चा गजर इतका मोठा असतो, की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी लागावं लागतं. गर्दी सोसत नसेल तर आदल्या दिवशी सकाळी जा, नावेतून पलीकडच्या गुरुद्वाऱ्यापर्यंत जाऊन या. नर्मदा परिक्रमेतली मराठी माणसं घाटावर हमखास भेटतात: पांढरे कपडे, हातात काठी आणि कमंडलू, पायाला भेगा. त्यांची विचारपूस करा, काही हवं-नको बघा. सांगली-साताऱ्याकडची एखादी बाई महिनोन्‌महिने चालत आलेली असते आणि आपल्या तोंडचं मराठी ऐकून तिचा चेहरा उजळतो.

नर्मदेकाठचं जबलपूर समजून घ्यायचं असेल, तर जाण्याआधी अमृतलाल वेगड वाचा. १९२८ मध्ये याच शहरात जन्मलेले, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे चित्रकला शिकलेले वेगड नर्मदेकाठाने पायी चालले आणि त्यावर त्यांनी लिहिलं. २०१८ मध्ये ते गेले. नदीवर इतकं निर्मळ प्रेम करणारा लेखक मी दुसरा वाचलेला नाही.

७. भेडाघाटला पाहुणे जातात तसंच जा.

गावच्या माणसाला वाटतं, आपण तो हजारदा पाहिला आहे. प्रत्यक्षात आपण तो पाहुण्यांना दाखवत आलेलो असतो. यंदा आम्ही सकाळी लवकर, आधी चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या चढलो. कलचुरी काळातलं, दहाव्या शतकाच्या सुमाराचं हे गोल आवार. भिंतीलगत योगिनींच्या मूर्ती, बहुतेक भंगलेल्या, आणि मधोमध गौरीशंकर. भंगलेल्या हातांनीही त्या मूर्तींचा डौल जात नाही. मग धुआंधार धबधबा, मग संगमरवरी कड्यांमधून नाव. नावाडी यमकं जुळवत माहिती सांगतो, त्याला सांगू द्या. पावसाळ्यात नावा बंद असतात, तेव्हा त्या आशेवर जाऊ नका.

८. नातवंडांना ‘हे आमचं घर होतं’ याच्या पलीकडचं काहीतरी द्या.

माझ्या नातवाला आजीचं शाळेतलं बक्षीस ऐकण्यात रस नव्हता. मग मी सांगितलं, की १८२८ मध्ये स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला इथल्या बडा सिमला टेकडीत हाडं सापडली आणि ती डायनासोरची निघाली. भारतात डायनासोरचे अवशेष मिळाल्याची ती पहिली नोंद. पोरगा ताडकन उठून बसला. दुसऱ्या दिवशी मदनमहालाच्या वाटेवरची तोललेली शिळा दाखवली. दगडावर दगड, टेकलेला भाग अगदी जेमतेम. २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंप झाला, आमच्या घराच्या दोन भिंतींना भेगा गेल्या, शहरात कितीतरी घरं पडली. ही शिळा जागची हलली नाही. त्या टेकड्यांवरून राणी दुर्गावतीची गोष्ट आपोआप निघते. १५६४ मध्ये मोगल फौजेशी लढताना ती धारातीर्थी पडली.

कमानिया गेटाखाली उभं राहून त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगितली. मार्च १९३९; अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले, त्यांना स्ट्रेचरवरून मांडवात आणावं लागलं होतं. आमचे आजोबा त्या गर्दीत होते. मग जवळच खव्याची जिलबी खाल्ली. काळपट, जाड, साखरेत मुरलेली. नातवाने आजोबांपेक्षा जिलबीबद्दल जास्त प्रश्न विचारले, ते ठीकच आहे; पण सुभाषबाबूंना ताप का आला होता, हेही त्याने विचारलं.

९. जुन्या घरावरून एकदा जा, आत शिरायचा आग्रह धरू नका.

नव्या माणसांनी ते आपल्या सोयीने बदललं आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. आम्ही तिघं एकत्र गेलो, रस्त्यावरून पाहिलं, पेरूचं झाड नाही हे पाहिलं, आणि चालत गोलबाजारात गेलो. एकटीने जाऊ नका, एवढंच सांगेन. भावंडं बरोबर असली की लगेच दुसरी आठवण निघते. आमची निघाली सातपुड्यातल्या छोट्या गाडीची. ग्वारीघाटावरून नैनपूर-गोंदियाकडे जाणारी नॅरोगेज, डोळ्यांत कोळशाचे कण, गार्डाच्या डब्यात दादाची सायकल. २०१५ मध्ये ती गाडी बंद झाली, आता तिथे मोठी लाइन आहे.

१०. पैशाचं आधी बोला, आणि मोकळेपणाने बोला.

आमच्याकडे धाकटी हिशेब ठेवते. खोल्या, गाडी, घाटावरचा दानधर्म, सगळं एका वहीत. शेवटच्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर वाटणी. ज्याची अडचण असेल त्या वर्षी त्याचा वाटा बाकीचे उचलतात आणि पुन्हा तो विषय काढत नाहीत. घर विकताना ज्या भावंडांनी एकमेकांवर विश्वास ठेवला, त्यांना हे जड जात नाही. तेव्हा काही कटुता आली असेल, तर पहिल्या वर्षी दोनच दिवस जमा, पण जमा.

रथसप्तमीच्या आठवड्यात जबलपूरला खोल्या मिळणं कठीण जातं. परिक्रमावासी, यात्रेकरू, लग्नाची वऱ्हाडं सगळी एकदम येतात. तेव्हा दिवाळीत भाऊबीजेला भावंडं भेटतील, तेव्हाच तारखा ठरवा आणि फराळाच्या ताटावरून उठण्याआधी फोन करून खोल्या सांगून ठेवा.