फोटोखालच्या चार ओळी

घरातली वडीलधारी बाई गेली की मागे राहिलेल्यांना दोन कामं तातडीने करावी लागतात. फोटो मोठा करून घ्यायचा आणि त्याखालचा मजकूर ठरवायचा. जबलपूरच्या बडा फुहाऱ्याच्या आसपासच्या मराठी घरांतून असे मजकूर शुद्धलेखन बघून देण्यासाठी माझ्याकडे येत असतात. बरेच हाताखालून गेल्यावर एक गोष्ट खात्रीने सांगता येते: नाव झाकलं, तर कोणताही मजकूर कोणाच्याही फोटोखाली खपून जाईल. प्रेमळ पत्नी, वात्सल्यमूर्ती आई, नातवंडांची लाडकी आजी; सोशिक, सुगरण, हसतमुख. यातलं खोटं काहीच नसतं. पण ती बाई कोण होती हे त्यातून कळत नाही, आणि तीस वर्षांनी घरात शिल्लक राहतात त्या याच ओळी. म्हणून माझं म्हणणं असं की, तिचे गुण लिहिण्याआधी तिने काय केलं ते लिहावं, आणि ती कोणाची कोण होती यावर न थांबता लिहावं.

पुरावा शोधायला लांब जायला नको. राणी दुर्गावती दलपतशहाची पत्नी आणि वीरनारायणाची आई. नवऱ्यामागे लहान मुलाच्या नावाने तिने गढा-मंडल्याचं राज्य सांभाळलं आणि 24 जून 1564 रोजी मोगल सैन्याशी लढताना मरण पत्करलं. 1983 मध्ये जबलपूरच्या विद्यापीठाला तिचं नाव मिळालं. तरी तिच्याविषयी कोणाला विचारा, सांगण्याची सुरुवात मरणापासूनच होते. तिने राज्य चालवलं कसं, पाण्याची सोय कशी केली, हे राणीतालसारख्या वस्तीच्या नावात दडून बसलं आहे. शेजारचं चेरीताल तर आणखी बोलकं. राणीच्या दासीवरून तळ्याला ते नाव पडलं असं परंपरा सांगते. म्हणजे तळं झालं, वस्ती झाली, वॉर्ड झाला. उरलं ते नातं, बाई गेली. कमानिया गेटचंही तेच. 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून ते उभं राहिलं, आणि आज त्याखालून जाणाऱ्या बहुतेकांना ती खव्याच्या जिलबीच्या वाटेवरची खूण वाटते. देवळातल्या पायरीवर आईच्या नावाची फरशी बसवणाऱ्यांनी जरूर बसवावी, दान वाईट नाही. मात्र दगड नाव सांभाळतो, आयुष्य सांभाळत नाही.

सुभद्राकुमारी चौहान यांचं उदाहरण काळाने जवळचं. 15 फेब्रुवारी 1948 रोजी नागपूरहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटार अपघातात त्या गेल्या, तेव्हा वय जेमतेम 43. पुढच्या वर्षी 27 नोव्हेंबरला इथे त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, बालमैत्रीण महादेवी वर्मांच्या हस्ते. पुतळा आहे तो ‘झांसी की रानी’च्या कवयित्रीचा. लक्ष्मणसिंहांबरोबर संसार करणारी, पाच मुलं वाढवणारी, 1923 च्या झेंडा सत्याग्रहात आणि पुन्हा 1942 मध्ये तुरुंगात जाणारी बाई भेटायची असेल, तर त्यांची मुलगी सुधा चौहान यांनी आईवडिलांवर लिहिलेलं ‘मिला तेज से तेज’ हे चरित्र उघडावं लागतं. नुसत्या पुतळ्यावर भागलं असतं, तर मुलीला पुस्तक लिहावं लागलं नसतं.

यावर ठरलेला आक्षेप येतो: त्या मोठ्या कवयित्री, आमची आई साधी गृहिणी, तिच्याबद्दल काय लिहिणार? मराठी वाचकाने तरी हा आक्षेप घेऊ नये. महर्षी कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ 1944 मध्ये आलं, ते कावेरी कर्वे या सूनबाईंनी पुढाकार घेतला म्हणून. नवऱ्याने पैसा संस्थेकडे वळवल्यावर घर कसं चालवलं, याची स्वयंपाकघरातली बाजू त्यात आहे. ती महर्षींच्या गौरवग्रंथात सापडायची नाही. लक्ष्मीबाई टिळकांना लिहितं केलं ते मुलाने, देवदत्तांनी, आणि तेही वडिलांचं चरित्र लिहायचं म्हणून आठवणी मागताना. आली ती ‘स्मृतिचित्रे’. पुस्तक पुरं होण्याआधी, 1936 मध्ये, लक्ष्मीबाई गेल्या आणि शेवटचा भाग मुलाला पुरा करावा लागला. विचारायला उशीर झाला की काय होतं, तेही त्यात आलं. बाया कर्वे तर लेखिका म्हणून नावाजलेल्याही नव्हत्या. कोणीतरी बसून विचारलं, एवढाच फरक.

आपल्या इथल्या बायकांकडे तर सांगण्यासारखं खूपच होतं, आणि नेमकं तेच मजकुरात येत नाही. नागपूर, वर्धा, अमरावतीहून लग्न होऊन जबलपूरला आलेली मुलगी 1956 पूर्वी एकाच प्रांतातल्या एका गावातून दुसऱ्या गावात येत होती. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्याने आखली गेली, हायकोर्ट इकडे आलं, राजधानी भोपाळला गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला. हिने घर बदललं नाही, पण माहेर परराज्यात गेलं. मराठी शाळेत शिकलेल्या बाईने मुलांचे गृहपाठ हिंदीत करून घेतले, हा तिच्या आयुष्यातला केवढा मोठा उद्योग! ‘मुलांना उत्तम संस्कार दिले’ या चार शब्दांत तो बुडून जातो. गुण असा पुसून टाकतो, कारण तो कुणालाही लागू पडतो. उलट हिशेबाच्या वहीचं एक पान घ्या. दूध, गिरणी, धोबी, शाळेची फी, आणि मधेच नुसतं ‘फुहारा’ व पुढे आकडा. काय आणलं ते लिहिलेलं नाही. साडी असेल, सराफ्यातली एखादी वस्तू असेल, किंवा बहिणीच्या अडचणीला दिलेले पैसे. घरखर्चातून स्वतःच्या मर्जीने काढलेली ती रक्कम तिच्याबद्दल जे सांगते, ते ‘काटकसरी’ या विशेषणाला सांगता येणार नाही. वही रद्दीत घालू नका, एवढं तरी ऐका.

विचारपूस करायला तेरा दिवसांसारखा काळ नाही. जावा, नणंदा, माहेरची माणसं, शेजारीण एका खोलीत बसलेली असतात आणि आपणहून बोलत असतात. कोपऱ्यात एक वही ठेवा. कोण काय म्हणालं ते नावासकट टिपा. मुलांआधी बायकांना विचारा, कारण मुलाला आई बहुधा फक्त आई म्हणूनच ठाऊक असते. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं, त्याआधीचं नाव काय होतं? शिक्षण कुठे थांबलं, कोणी थांबवलं? कशाला तिने नाही म्हटलं? जुन्या फोटोतल्या माणसांची नावं मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून घ्या; बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला, हा दुसरा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. फोटोखाली चारच ओळी असाव्यात. वही घरासाठी असते, बाजारासाठी नव्हे. वाटण्या चालू असताना कोणाच्या फीसाठी कोणाच्या बांगड्या मोडल्या हे लिहायला बसलात, तर ती आठवण राहणार नाही, दावा होईल. हयात माणसावरचे आरोप बाजूला ठेवा. पण तिची स्वतःची निराशा, न झालेली नोकरी, न पटलेलं लग्न, हे गाळलंत तर पुन्हा ‘हसतमुख’ उरेल. ‘तिला हे आवडलं नसतं’ असं सांगणाऱ्याला एवढंच विचारावं, की तिला कोणी कधी विचारलं होतं?

आणि नातवंडं मराठी वाचत नाहीत, म्हणून थांबू नका. आई बोलायची तशीच लिहा, हिंदी मिसळलेली, नागपुरी वळणाची. पुणेरी शुद्ध करायला माझ्याकडे आणू नका. हिंदी तर्जुमा मागून होईल, मूळ बोलणं मागून मिळणार नाही. प्रती दोन काढा. एक मुलाकडे राहील हे गृहीतच असतं. दुसरी मुलीच्या घरी द्या, तीही तिच्या हाती, जावयाच्या नव्हे.