रक्त दोन्हीकडून येत होतं

सकाळी चूळ भरली की पाणी गुलाबी व्हायचं. आठ-दहा वर्षं मी ते रोज पाहत होतो. उशीच्या अभ्र्यावर डाग दिसला की बायको म्हणायची, "अहो, एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवून या." दात साफ करून घेतले की हलायला लागतात, असं आमच्याकडे जो तो सांगतो. मीही तेच धरून बसलो. पुढे दुखतं म्हणून हिरड्यांपाशी ब्रश न्यायचंही सोडलं.

मग शौचातून रक्त पडू लागलं. मूळव्याधच असणार, असं मीच ठरवलं. सुरणाची भाजी, ताक, रात्री इसबगोल, मेडिकलमधून आणलेलं मलम, यात अकरा महिने घालवले. लाजेपायी घरातही बोललो नाही. शेवटी जिना चढवेना, तेव्हा दुर्बिणीतून तपासणी झाली आणि मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली.

ऑपरेशननंतर, केमो सुरू होण्याआधी दात तपासून घ्यायला सांगितलं. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट फार तर तीन मिलिमीटर खोल असते; माझी सहा-सात भरली. अशा खोल, हवा न पोचणाऱ्या जागी वाढणाऱ्या एका जंतूचं नाव मी तिथेच ऐकलं : फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम.

हा तोंडातला जंतू मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये सापडतो, हे 2011मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं. 2017मध्ये तो यकृतात पसरलेल्या गाठींतही जिवंत मिळाला. 2024मध्ये सिएटलच्या संशोधकांनी 200 रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा जवळपास निम्म्यांमध्ये त्याचा एकच विशिष्ट उपप्रकार होता, जठरातल्या आम्लातूनही तगून जाणारा. हा जंतू एका प्रथिनाने आतड्याच्या पेशीला चिकटतो, तिच्या वाढीला चिथावणी देतो आणि शरीराच्या रक्षक पेशींना अडवतो. खारघरच्या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात जिभेच्या कॅन्सरमध्येही तो आढळला आहे.

"म्हणजे हिरड्यांमुळेच झालं का?" मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या बाबतीत तसं सांगता येणार नाही. जंतूमुळे गाठ झाली की झालेल्या गाठीत जंतूने घर केलं, हे अजून पक्कं ठरलेलं नाही." त्यामुळे हिरड्या सुजल्या म्हणून कॅन्सरच्या धास्तीने कुणी झोप उडवून घेऊ नये, आणि जंतू मारायला मनाने अँटिबायोटिक तर मुळीच घेऊ नये.

पण हिरड्यांतून रक्त येणं हा आजार आहे, एवढं मला फार उशिरा कळलं. रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नका. मऊ ब्रश घ्या आणि रात्री झोपण्यापूर्वी घासाच. दातांवरचं कीटण ब्रशने निघत नाही, ते दवाखान्यातच काढावं लागतं. त्यानंतर दात हलले, तर ते आधीच सैल झालेले असतात, कीटणाने नुसते धरून ठेवलेले. मशेरी लावणाऱ्या आयाबहिणींना तर मी हात जोडून सांगतो, ती सोडा. तंबाखूने कॅन्सर होतो यात कसलीही शंका नाही. तोंडातली जखम किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर वाट पाहू नका.

आणि शौचातून रक्त आलं, तर मूळव्याध आहे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. किती दिवसांपासून येतं, लाल की काळपट, वजन उतरलंय का, शौचाची सवय बदलली का, घरात आधी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का, हे लाज न धरता पहिल्याच भेटीत सांगा. तुमच्या नवऱ्याने, वडिलांनी सांगितलं नाही, तर तुम्ही सोबत जाऊन सांगा.