जुन्या संगणकासाठी हलका वेब सर्व्हर

आपल्या अभ्यासिकेत एका माजी विद्यार्थ्याने दिलेला जुना संगणक आहे. रॅम अवघी 512 एमबी. चांदवडला इंटरनेट खंडित झाले तरी दहावीच्या मुलांना टॅबवर सराव-प्रश्नपत्रिका मिळाव्यात, म्हणून त्यालाच वेब सर्व्हर करण्याचे ठरले. वेब सर्व्हर म्हणजे मागितलेले पान काढून देणारा प्रोग्राम; ग्रंथपालच म्हणा.

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मी प्रथम कालक्रम पाहिला. 1995 मध्ये आलेला अपाचे जगभर रुळला. मात्र त्याच्या मूळ पद्धतीत प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस गुंतते. चाळीस मुले एकदम आली, तर चाळीस ग्रंथपाल उभे करावे लागतात. रॅम संपते, संगणक हार्डडिस्कचा आधार घेतो आणि सारेच रखडते. 1999 मध्ये डॅन केगेल यांनी एकाच यंत्राने दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न मांडला. पुढे यान क्नेश्के यांचा लाइटटीपीडी आणि 2004 मध्ये इगोर सिसोएव्ह यांचा इंजिन-एक्स आला. यांत एकच प्रोसेस, जी जोडणी सज्ज असेल तिच्याकडे वळत, अनेकांना पाने पुरवते.

आम्ही लाइटटीपीडी निवडला. इंजिन-एक्सनेही भागले असते. खरे ओझे पुष्कळदा सर्व्हरचे नसतेच, त्यामागील डेटाबेसचे असते. म्हणून डेटाबेस टाळून साधी, तयार पानेच ठेवली आणि स्कॅन केलेल्या प्रश्नपत्रिकांचा आकार कमी केला. ही पाने दर आठवड्याला पेनड्राइव्हवर उतरवावी लागतात, कारण हार्डडिस्कही संगणकाइतकीच जुनी आहे.