त्यांच्याकडे कांदा आहे, तरी आपला का घेतात?

प्रश्न : बांगलादेशात कांदा पिकतो, आपल्याकडे कपडे शिवतात. मग त्यांनी आपला कांदा आणि आपण त्यांचे शर्ट कशाला घ्यायचे?
– एक शेतकरी, पारनेर

उत्तर : एक वस्तू करताना दुसरी किती सोडावी लागते, यावर व्यापार ठरतो. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेला हिशेब पाहा. ठरावीक वाइनला पोर्तुगालमध्ये ८० माणसे वर्षभर लागतात, कापडाला ९०. इंग्लंडमध्ये १२० आणि १००. पोर्तुगाल दोन्हींत सरस! तरीही वाइन देऊन कापड घेतले, तर पोर्तुगालचे १० माणसांचे श्रम वाचतात, इंग्लंडचे २०.

हाच हिशेब कांदा-शर्टाला लावा. बांगलादेशात जमीन तुटपुंजी, शिवणारे हात भरपूर. तुमच्याकडे चाळीत महिनोन्महिने टिकणारा उन्हाळी कांदा. म्हणून ही अदलाबदल दोघांनाही परवडते.

मात्र हा नफा देशाचा. तो प्रत्येक घरी पोहोचतोच असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हा शहरी गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला आणि भुर्दंड उत्पादकाने भरला. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेले १ एप्रिल २०२५ रोजी. अशा धरसोडीत परदेशी खरेदीदार दुसरा विक्रेता शोधतो. माझ्या मते, शेतकऱ्याने भाव मागण्याआधी स्थिर निर्यात धोरण मागावे.