मनोविकार समाजकार्यकर्ता

मनोविकारतज्ज्ञ रुग्णाला तपासतात, रोगाचे निदान करतात आणि औषधे लिहून देतात. काही आठवड्यांत रुग्णाचे भास कमी होतात, त्याला शांत झोप लागते, तो वेळेवर जेवू लागतो. वैद्यकीय दृष्टीने ही मोठीच प्रगती होय. परंतु त्याला घरी नेण्यास कोणी आलेच नाही तर? धाकट्या बहिणीचे लग्न ठरावयाचे आहे, शेजारी नावे ठेवतात, घरात एकच खोली आहे, अशी कारणे पुढे येतात आणि बरा झालेला माणूस रुग्णालयाच्या भिंतीआड राहून जातो. या दुखण्यावर गोळी नाही. ते हाताळण्याचे काम ज्याच्याकडे येते, तो मनोविकार समाजकार्यकर्ता.

'समाजकार्यकर्ता' हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. उत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्यापासून निवडणुकीतील उमेदवारापर्यंत कोणीही स्वतःस तसे म्हणवून घेतो. मनोविकारांच्या क्षेत्रात मात्र हा सैलपणा चालत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने या व्यावसायिकाची व्याख्याच केली आहे. समाजकार्य विषयातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर मनोविकार समाजकार्यातील दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. पदवी त्याच्याजवळ असावी लागते. या दोन वर्षांत जाणकारांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम करावे लागते. बंगळूरची निमहान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही अशा शिक्षणाची नावाजलेली केंद्रे होत. पुढे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. पदवी बंद केली, तरी या विषयातील प्रवेशांना २०२५-२६ च्या सत्रापर्यंत सवलत दिली.

अमेरिकेत अशा कामासाठी प्रत्येक राज्य स्वतंत्र परवाना देते. पदव्युत्तर पदवी, देखरेखीखालील कामाचा अनुभव आणि परीक्षा या पायऱ्या ओलांडल्यावर तो मिळतो. बहुतेक राज्यांत असा परवानाधारक मनोविकाराचे निदानही करू शकतो.

भारतात या शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. १९३६ मध्ये तेथे सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले. तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत आज 'समाजसेवा अधीक्षक' असे पद आढळते. रुग्णांचे नातेवाईक मात्र त्यांना सहसा 'सर' किंवा 'मॅडम' एवढेच म्हणतात!

रुग्णाचे घर, कामधंदा, कर्ज, नातेसंबंध यांची माहिती समाजकार्यकर्ता प्रथम घेतो. त्यासाठी तो रुग्णाशी व नातेवाइकांशी बोलतो, प्रसंगी गृहभेटीस जातो. औषध लिहून देणे हे त्याचे काम नव्हे. पण औषध का बंद पडले, हे बहुधा त्यालाच कळते. कधी दुष्परिणामांची भीती असते, कधी एस.टी.च्या भाड्याला पैसे नसतात, तर कधी 'आता बरा झाला की' असे म्हणून आईच गोळ्या थांबविते. छिन्नमनस्कतेच्या रुग्णाला घरात सतत टोमणे ऐकावे लागले, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे संशोधनाने दाखविले आहे. म्हणून समाजकार्यकर्ता कुटुंबासही शिकवितो. अंथरुणात पडून राहणे हा नेहमीच आळस नसतो, तो आजाराचा भाग असू शकतो, एवढे उमगले तरी बापाचा आवाज खाली येतो. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तो गुप्त ठेवतो. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर मात्र त्याला आवश्यक तेवढी माहिती द्यावी लागते.

घरी नेण्यास कोणीही न येणाऱ्या रुग्णाविषयी २०१७ च्या कायद्याने स्पष्ट भूमिका घेतली आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही किंवा राहण्यास घर नाही, केवळ एवढ्याच कारणाने कोणासही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. समाजात राहण्याचा हक्क त्यालाही आहे. हा हक्क कागदावरून घरात पोहोचविण्यासाठी समाजकार्यकर्त्याला पुष्कळ वेळा त्याच उंबरठ्यावर जावे लागते. पहिल्या भेटीत दार अर्धेच उघडते. दुसऱ्या भेटीत पाणी मिळते. मग हळूहळू अपंगत्वाचा दाखला, शिधापत्रिकेवरील नाव, जवळच्या रुग्णालयातून मोफत औषध यांवर बोलणे सुरू होते आणि कोणीतरी विचारते, "तो आता कसा आहे?"