हायब्रिड गाडीचे हिवाळी टायर



माँट्रियलमध्ये घेतलेल्या हायब्रिड गाडीला हिवाळ्यासाठी कोणते टायर बसवावेत आणि त्यामुळे गाडीचे अ‍ॅव्हरेज किती घटेल, असे दोन प्रश्न चिरंजीव भाच्याने विचारले आहेत. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून पहिल्याचा निकाल लावू नये, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. ज्याने इंधन वाचावे म्हणून पेट्रोलच्या इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी पसंत केली, त्याला टायरही त्याच हिशेबाने घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण हिवाळी टायराकडून अपेक्षित असलेले काम इंधन वाचवण्याचे नाही, आणि या मोहापायी केलेली काटकसर पहिल्याच घसरणीत महाग पडते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. माँट्रियल ज्यात येते तो क्वेबेक हा हिवाळी टायर सक्तीचे करणारा कॅनडातील पहिला प्रांत असून ही सक्ती २००८ सालापासून आहे आणि आता ती १ डिसेंबर ते १५ मार्च या काळाला लागू होते. डिसेंबर २०१४ पासून तेथे हिवाळी टायर म्हणजे ज्याच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण असे चिन्ह उमटवलेले आहे तो, किंवा खिळे बसवलेला टायर. केवळ ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे असलेला टायर आता चालत नाही, कारण ती अक्षरे टायराच्या नक्षीच्या ठेवणीवरून दिली जातात, तर हिमकणाचे चिन्ह प्रत्यक्ष चाचणीनंतरच मिळते. मात्र ही चाचणी दबलेल्या हिमावर टायर किती जोर लावू शकतो याची असते, गोठलेल्या पाण्याच्या कडक थरावर गाडी किती अंतरात थांबते याची नव्हे. आणि ज्या शहरावर जानेवारी १९९८ मध्ये गोठत्या पावसाने कित्येक दिवस अंधारात बसण्याची वेळ आणली, त्या शहरात या दुसऱ्या कसोटीलाच अधिक महत्त्व आहे. म्हणून चिन्ह ही किमान अट मानावी आणि निवड बर्फावरील थांबण्याच्या तुलनात्मक चाचण्या वाचून करावी.

हिवाळी टायराचे वेगळेपण प्रथम त्याच्या रबरात असते. उन्हाळी टायराचे रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली ताठर होऊ लागते, रस्त्याच्या बारीक खडबडीत बसेनासे होते आणि रस्ता अगदी कोरडा असला तरी त्याची पकड घटते. हिवाळी टायराच्या मिश्रणात सिलिका व इतर घटकांचे प्रमाण असे राखलेले असते की ते कडाक्याच्या थंडीतही मऊ राहते. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांत त्याची बातमी होते. माँट्रियलमध्ये त्याच तापमानाला टायर बदलण्याचा हंगाम नुसता सुरू होतो, आणि तेथे हिम पडण्याची वाट पाहणारा माणूस आधीच उशीर करून बसलेला असतो. दुसरे वेगळेपण नक्षीत असते: रुंद खाचांत हिम घट्ट भरून बसते व हिमाची हिमावर पकड तयार होते, तर रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर पाडलेल्या केसासारख्या बारीक चिरा बर्फावरचा पाण्याचा पातळ पापुद्रा शोषून घेतात. हा पापुद्राच घसरणीचे खरे कारण असल्यामुळे शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ उणे २० अंशांवरच्या कोरड्या बर्फापेक्षा अधिक दगा देतो, ही गोष्ट उष्ण देशातून गेलेल्या माणसाला सहसा खरी वाटत नाही.

खिळ्यांचे टायर क्वेबेकमध्ये १५ ऑक्टोबर ते १ मे या काळात वापरता येतात, आणि डोंगराळ भागातील गोठलेल्या आडरस्त्यांवर त्यांना तोड नाही. परंतु शहरात ते आवाज करतात आणि रस्ता झिजवतात. जपानमध्ये अशा टायरांनी उडवलेल्या धुळीचा उपद्रव इतका वाढला की १९९० मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदाच करावा लागला, आणि बिनखिळ्यांच्या टायरांचे रबर आज ज्या दर्जाला पोहोचले आहे त्यामागे त्या निर्बंधाचा वाटा मोठा आहे. चिरंजीवाची ये-जा मुख्यतः मीठ टाकलेल्या शहरी रस्त्यांवरून असल्याने बिनखिळ्यांचे टायरच योग्य ठरतील.

आता हायब्रिडचा खास प्रश्न. अशा गाडीत ‘रिजनरेटिव्ह ब्रेकिंग’ असते, म्हणजे पाय उचलताच किंवा ब्रेक हलका दाबताच मोटर जनित्र बनते आणि गाडीच्या गतीतील ऊर्जा बॅटरीत परत भरते. पुढील चाकांनी चालणाऱ्या हायब्रिडमध्ये हा अटकाव केवळ पुढच्याच चाकांवर येतो. त्यामुळे पुढे दोनच हिवाळी टायर बसवून निम्मा खर्च वाचवण्याची कल्पना येथे सर्वांत घातक ठरते, कारण वळणावर वेग कमी होताना पुढची चाके रस्ता धरून राहतात, मागची सुटतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. टायर चारही घ्यावेत व एकाच जातीचे घ्यावेत, आणि पुढेमागे झीज असमान झाली तर अधिक खोल नक्षीची जोडी मागे लावावी. मागील चाकांना स्वतंत्र मोटर असलेल्या हायब्रिडच्या मालकांचा समज असा असतो की चारही चाके चालतात म्हणजे टायराची चिंता नाही. पण ती मोटर गाडी हलवायला मदत करते, थांबवताना बर्फावरची पकड शेवटी टायरानेच द्यायची असते.

मोटरचा जोर शून्य वेगापासूनच पूर्ण मिळतो, हाही गुण हिमात उलटू शकतो. चाक जागीच फिरू लागले की घसरण रोखणारी संगणकीय यंत्रणा शक्ती तोडते, आणि खोल हिमात गाडी बाहेर निघण्याऐवजी जागीच रुतून बसते. तशा वेळी ही यंत्रणा तात्पुरती बंद करण्याची सोय आपल्या गाडीत आहे की नाही, हे पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावे.

मापाच्या बाबतीत घरच्यांनी कौतुक केलेली मोठी चाके हिवाळ्यापुरती उतरवावीत. उदाहरणार्थ, चौथ्या पिढीच्या प्रियस या हायब्रिडला १५ आणि १७ इंची अशी दोन्ही चाके येत. पैकी ‘१९५/६५ आर १५’ या मापात १९५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे कडेच्या उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, ‘आर’ ही रेडियल बांधणीची खूण आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास आहे. हे अरुंद चाक हिमावर तरंगत राहण्याऐवजी ते कापत खाली जाते, त्याची जाड कड खड्ड्यांचे धक्के सोसते, आणि टायरही स्वस्त मिळतो. फक्त भारांक कमी करू नये: ९१ म्हणजे एका टायरावर ६१५ किलो, आणि बॅटरी वाहणाऱ्या गाडीत ती सवलत घेण्यात अर्थ नाही.

राहिला अ‍ॅव्हरेजचा प्रश्न. हिवाळ्यात हायब्रिडचे अ‍ॅव्हरेज घटते हे खरे, पण त्याचा मोठा वाटा थंडीचाच असतो, कारण केबिन उबदार ठेवण्यासाठी इंजिन पुनःपुन्हा चालू होते आणि गारठलेली बॅटरी वीज कमी घेते. टायराच्या अंगी लावावा असा वाटा त्यापुढे लहान आहे, आणि त्यातलाही बराच हवेच्या दाबाकडे दुर्लक्ष केल्याने पडतो. तापमान ५ ते ६ अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पीएसआयने उतरतो, म्हणजे २० अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा बाहेर उणे १५ अंशांत सुमारे ६ पीएसआय कमी भरते. दाब गाडी उभी व थंड असतानाच, महिन्यातून एकदा तपासावा.

टायर वेगळ्या पोलादी रिमवर बसवून घ्यावेत, म्हणजे दर हंगामाला रबर ओढून काढावे लागत नाही. चाके बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. टायर घेताना कडेवरच्या शिक्क्यातील शेवटचे चार अंक वाचावेत, ज्यांतील पहिले दोन निर्मितीचा आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी ४.८ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवू देत असला तरी त्या टायरावर नवा हिवाळा सुरू करू नये. गॅरेजची वेळ ऑक्टोबरमध्येच ठरवावी, कारण नोव्हेंबरात सारे शहर त्याच रांगेत असते.